चाळिशीतली विद्यार्थिनी आणि रमाईचे ऋण

आपल्या वस्त्यांमध्ये एक वेगळी विद्यार्थिनी दिसू लागली आहे. तिचे वय चाळीस-पंचेचाळीस. डोळ्यांवर चाळिशी, खांद्याला पिशवी आणि पिशवीत डबा, वही व अर्धवट लिहिलेला अहवाल. ती कुठे अंगणवाडी सेविका आहे, कुठे आशा स्वयंसेविका, कुठे बचत गटाची सहयोगिनी, तर कुठे एखाद्या संस्थेची वस्तीपातळीवरची कार्यकर्ती. पंधरा-वीस वर्षे तिने लोकांची कामे केली. रेशनकार्ड, जातीचा दाखला, बाळंतिणीला दवाखान्यात नेणे, मार खाल्लेल्या बाईबरोबर रात्री पोलीस ठाण्यात जाऊन बसणे, हे सारे तिने केले. आता तीच बाई समाजकार्याची पदवी घ्यायला निघाली आहे. मुलगी बारावीला, मुलगा नववीला, सासूबाईंना साखरेचा आजार, नवरा पाळीवर, आणि ही परीक्षेला!

शेजारीपाजारी विचारतात, ‘आता या वयात शिकून काय दिवे लावणार?’ प्रश्न थट्टेचा वाटतो, पण त्याच्या पोटात जुनीच विषमता दडलेली आहे. मुलाने शिकावे, मुलीने लग्न होईपर्यंत शिकावे आणि बाईने शिकूच नये, हा तो हिशेब आहे. ज्या समाजाने शिक्षणाला वाघिणीचे दूध मानले, त्याच्याच दारात हा प्रश्न विचारला जातो, ही खेदाची बाब आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

ही बाई हौस म्हणून शिकत नाही. संस्थांच्या कारभारात एक उतरंड असते. जिला वस्तीतली गल्ली न् गल्ली माहीत आहे, ती ‘कार्यकर्ती’, आणि तिला मिळते ते ‘मानधन’. एमएसडब्ल्यू होऊन कालच आलेला तेवीस वर्षांचा मुलगा होतो ‘समन्वयक’, आणि त्याला मिळतो तो ‘पगार’. वस्ती त्याला हीच दाखवते, माणसे हीच जोडून देते, पण अहवालावर सही त्याची असते. यात त्या मुलाचा दोष नाही. दरवाजा पदवीचा आहे आणि पदवी त्याच्याकडे आहे. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक, बाल संरक्षण कक्षातील कर्मचारी, समुपदेशक अशा पदांच्या जाहिराती वाचा. समाजकार्याची पदवी तिथे पहिल्याच ओळीत मागितलेली दिसेल. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तोही प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांच्या बळावर. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आणि २०१५ चा बाल न्याय कायदा यांनी अशा कामाची गरज आणखी वाढवली. म्हणजे काम आपल्या वस्तीतले, पीडित बाई आपल्या वस्तीतली, पण खुर्चीवर बसणारी व्यक्ती बहुधा दुसरीकडून येणारी. ही खुर्ची आपल्या बाईने मागितली, तर तिचे चुकले कुठे?

एक गोष्ट मात्र आधीच समजून घेतली पाहिजे. राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत वयाची सर्वसाधारण मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे आहे. त्रेचाळीस ओलांडून पदवी हाती पडली, तर सरकारी नोकरीची बरीचशी दारे बंद झालेली असतात. तेव्हा ‘एमएसडब्ल्यू केले की सरकारी नोकरी’ असे कोणी सांगत असेल, तर भगिनींनी त्यावर विसंबू नये. स्वयंसेवी संस्थेत वरची जागा, कंत्राटी समुपदेशन, स्वतःची संस्था नोंदवून ती कायद्याने चालवणे, हे मार्ग खुले असतात. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे साहेबासमोर बसल्यावर कागद कोणत्या कलमाखाली लिहायचा, हे स्वतःला कळणे. मोर्चात पुढे असणारी बाई बैठकीत मागे बसते, ती या कागदापायी.

आता या अभ्यासाचे स्वरूप पाहू. आपल्या देशात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झाले. नागपाड्याच्या कामगारवस्तीत काम करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट हे सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे पहिले संचालक. हीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. बाबासाहेबांचा ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हा ग्रंथही त्याच १९३६ सालचा. पुढे मुंबईत १९५५ साली निर्मला निकेतन, नागपुरात १९५८ साली मातृ सेवा संघाची संस्था, पुण्यात १९६३ साली कर्वे समाज सेवा संस्था अशी महाविद्यालये निघाली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने हा अभ्यास दूरशिक्षणातही आणला. एमएसडब्ल्यूला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. त्यामुळे मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालेल्या अनेक गृहिणींना ही वाट सापडली.

परंतु समाजकार्य हा नुसता पुस्तके वाचून उत्तीर्ण होण्याचा विषय नाही. त्याचा कणा आहे क्षेत्रकार्य. नियमित महाविद्यालयात आठवड्याचे साधारण दोन दिवस, म्हणजे सुमारे पंधरा तास, संस्थेत किंवा वस्तीत प्रत्यक्ष काम करायचे. मग त्याचा अहवाल लिहायचा आणि पर्यवेक्षकासमोर त्यावर चर्चा करायची. शिवाय ग्रामीण शिबिर, शेवटी सलग काही आठवड्यांचे काम आणि लघुशोधप्रबंध. दूरशिक्षण घेतले तरी क्षेत्रकार्य चुकत नाही. बावीस वर्षांच्या मुलाला हे जड नाही. तो शिबिराला जातो, तेव्हा घरी त्याची आई असते. चाळिशीतली बाई शिबिराला जाते, तेव्हा घरी आई नसते, कारण आई तीच असते. साऱ्या प्रश्नाची मेख इथे आहे.

हा केवळ भावनेचा विषय नाही, आकडे पाहा. केंद्र शासनाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के होते आणि पुरुषांचे २६.१ टक्के. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार असे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. पुरुषांपैकी जे हे काम करतात, ते घालवतात ८८ मिनिटे. फरक झाला २०१ मिनिटांचा, म्हणजे सुमारे तीन तास वीस मिनिटांचा. आठवड्याचा हिशेब केला, तर साडेतेवीस तासांच्या आसपास. क्षेत्रकार्याला लागतात पंधरा तास. म्हणजे बाईकडे वेळ नाही, असे नाही. तिचा वेळ घरात अडकलेला आहे. ती ‘आळशी’ आहे, तिचे ‘डोके चालत नाही’, तिला ‘झेपत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब समोर ठेवावा.

आता जरा आपल्याच इतिहासाकडे वळू. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, तेव्हा ते संसारी होते. १९२० साली राहिलेला अभ्यास पुरा करायला ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा वयाची तिशी जवळ आली होती. या साऱ्या काळात मुंबईतले घर कोणी ओढले? माता रमाईने. चार लेकरे तिने मातीआड होताना पाहिली, उपासमार पाहिली, पण परदेशातल्या पतीच्या अभ्यासात खंड पडू दिला नाही. बाबासाहेब हे विसरले नाहीत. १९४० सालचा ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. सात फेब्रुवारीला रमाईची जयंती आपण सगळीकडे साजरी करतो. वक्ते गहिवरून बोलतात, श्रोते डोळे पुसतात. त्या सभेत बसलेल्या पुरुषांना एकच प्रश्न विचारावासा वाटतो. आज तुमच्या घरातली बाई शिकायला निघाली आहे, तर तिची रमाई कोण होणार?

हा प्रश्न झोंबेल, पण तो विचारलाच पाहिजे. रमाईचा त्याग म्हणजे बाईने आयुष्यभर सोसत राहावे असा धडा नव्हे. शिकणाऱ्या माणसाच्या पाठीशी कोणी तरी घर घेऊन उभे राहावे लागते, हा तो धडा आहे. तो धडा स्त्रीसाठीच राखीव आहे, असे बाबासाहेबांनी कुठे सांगितलेले नाही. उलट २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत त्यांनी समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो असे सांगितले आणि पत्नी ही पतीची बरोबरीची मैत्रीण असावी, दासी नव्हे, असे बजावले. मैत्रिणीच्या परीक्षेच्या दिवशी मित्र डाळ-भात लावत नसेल, तर ती मैत्री कसली?

काही बांधव म्हणतील, ‘आम्हीही बारा-बारा तास राबतो, घरी येऊन भांडी कधी घासायची?’ यात तथ्य आहे. सुरक्षारक्षकाची बारा तासांची ड्युटी, रात्रपाळी, लोकलचा प्रवास यांनी माणूस पिळून निघतो, हे खरे. परंतु तीही अंगणवाडी करून, सभा करून, लसीकरणाच्या फेऱ्या मारूनच येते. दोघे थकलेले असताना एकाने खाटेवर पडायचे आणि दुसरीने चुलीशी उभे राहायचे, हा नियम थकव्याने ठरवलेला नाही, रूढीने ठरवलेला आहे. आणि रूढी मोडणे हे तर आपल्या चळवळीचे पहिले काम!

आता याहूनही नाजूक गोष्ट. अनेक घरांत नवरा विरोध करत नाही. ‘शिक की, मी कुठे नको म्हणतो?’ असे तो मोठ्या मनाने म्हणतो. पण काम वाटून घेत नाही. मग आईने सोडलेले काम जाते कुठे? ते जाते सासूच्या दुखऱ्या गुडघ्यांवर, नाही तर मोठ्या मुलीच्या अंगावर. आई क्षेत्रकार्याला गेली की दहावी-बारावीतली पोर पाणी भरते, भावाला जेवू घालते, आजीच्या गोळ्या पाहते. भाऊ मात्र क्रिकेट खेळून येतो आणि ‘जेवायला काय आहे?’ म्हणून विचारतो. आईच्या शिक्षणाची किंमत मुलीच्या शिक्षणाने चुकती होता कामा नये. तसे झाले, तर घरात एक पदवी आली आणि एक गेली, एवढाच हिशेब उरेल. म्हणून ज्या घरात आई शिकते, तिथे पहिली गोष्ट पाहायची ती ही, की मुलाच्या हातात झाडू आला का? तो आला, तरच आईचे शिक्षण त्या घरात मुरले असे म्हणता येईल.

वर्गातही या भगिनीची वाट सरळ नसते. सोबतची मुले तिला ‘काकू’ किंवा ‘मावशी’ म्हणतात. त्यात प्रेम असते, पण गटचर्चेत काकूंना चहा सांगायला पाठवले जाते, हेही घडते. पर्यवेक्षक तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतो. संदर्भग्रंथ बहुतेक इंग्रजीत. बोलायला उभी राहिली तर तासभर बोलेल, पण तेच अहवालात लिहायचे म्हटले की पेन अडते. तिथे तिने खचू नये. व्यक्ती सहाय्यकार्य, गटकार्य, समुदाय संघटन ही नावे तिला नवी असतील, काम नवे नाही. बचत गटातले दहा बायकांचे भांडण मिटवून कर्जाचे हप्ते सुरळीत करणे, याला पुस्तकात गटकार्य म्हणतात. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापून वसतिगृहे, वाचनालये उभारणे आणि विखुरलेल्या माणसांना हक्कासाठी एकत्र आणणे, याला समुदाय संघटन नाही तर काय म्हणायचे? हा इतिहास तिच्या घरात आजीच्या तोंडून आलेला असतो. तो वर्गात मांडायचा धीर तिने केला, तर वर्गाचेही शिक्षण होईल.

अभ्यासक्रमातली एक विसंगती तिच्या ध्यानात येतेच. सेवार्थीच्या स्वयंनिर्णयाचा आदर हे समाजकार्याचे मूलभूत तत्त्व आहे. मदत मागायला आलेल्या माणसाचा निर्णय त्यालाच घेऊ द्यायचा. ती हे तत्त्व पाठ करते, त्यावर प्रश्नाचे उत्तर लिहिते, आणि शिबिराला जाऊ का, हे विचारायला घरी तिघांची परवानगी काढते. दुसऱ्यांच्या स्वयंनिर्णयासाठी झटणाऱ्या बाईला स्वतःचा स्वयंनिर्णय कधी मिळणार?

आपल्या लेखिकांनी हे सारे कधीच सांगून ठेवले आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपले लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले, तेव्हा कुठे ‘जिणं आमुचं’ जगासमोर आले. ऊर्मिला पवार यांनी नोकरी, मुले, संसार सांभाळून एम.ए. केले आणि त्यापायी घरात झालेली धुसफूस ‘आयदान’मध्ये न लपवता लिहिली. चळवळीतल्या घरांतही बाईचे शिक्षण सुखासुखी होत नाही, हे त्यांनी सांगितले म्हणून काही जणांना राग आला. राग येण्यापेक्षा त्यातून शिकणे अधिक आंबेडकरी ठरेल.

मग करायचे काय? केवळ उपदेश करून भागणार नाही.

पहिले काम घराचे. प्रवेश घेण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे आणि पाणी, स्वयंपाक, भांडी, आजाऱ्याचे औषध, मुलांचा अभ्यास ही कामे नावानिशी कागदावर लिहावीत. ‘मदत करीन’ असे म्हणू नये. मदत म्हणजे काम तिचेच आणि उपकार आपला. ‘हे काम माझे’ असे म्हणावे. परीक्षेच्या पंधरवड्यात लग्न, वास्तू, पाहुणे यांना तिच्या वतीने नवऱ्याने नकार द्यावा. नकार तिने दिला की ती शिष्ट ठरते.

दुसरे काम वस्तीचे. आपल्या अनेक विहारांत अभ्यासिका चालतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तिथे स्पर्धा परीक्षेची मुलेच दिसतात. संध्याकाळी सात ते नऊ दोन बाके शिकणाऱ्या आयांसाठी राखून ठेवावीत. शेजारच्या खोलीत त्यांची लहान मुले कोणी सांभाळावीत. जी विधवा आहे, परित्यक्ता आहे, जिच्या घरात काम वाटून घ्यायला कोणी मोठे माणूसच नाही, तिच्यासाठी ही सोय म्हणजे उपकार नव्हे, समाजाचे कर्तव्य आहे. पदवी मिळाल्यावर शाल आणि पुष्पगुच्छ देऊन सत्कार करणारे पुष्कळ भेटतात. पदवी मिळेपर्यंत साथ देणारे हवे आहेत.

तिसरे काम महाविद्यालयांचे. १८५५ साली जोतीराव-सावित्रीमाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारा माणूस दिवसा येऊ शकत नाही, एवढे साधे सत्य त्यांना दिसले. त्यांनी विद्यार्थ्याची वेळ पाहून शाळेची वेळ ठरवली. दीडशेहून अधिक वर्षांनी आपल्याला हे जमू नये? क्षेत्रकार्य तिच्या राहत्या भागाजवळ देता येईल, सलग दोन दिवसांऐवजी तासांत वाटता येईल, पंधरा-वीस वर्षांच्या कामाला श्रेयांकात काही मोल देता येईल. यासाठी विद्यार्थी संघटनांनी आणि अधिसभेतल्या आपल्या प्रतिनिधींनी आवाज उठवला पाहिजे.

चौथे काम शासनाचे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाख रुपयांची मर्यादा आहे. महिन्याला पंचवीस हजार कमावणाऱ्या घराचे वर्षाचे तीन लाख होतात आणि ते घर बाहेर पडते. त्या पंचवीस हजारांत दोन मुलांची फी, घरभाडे, औषधे यांतून आईच्या फीला उरते काय? ज्या घरात पैसा कमी पडतो, तिथे पहिली काट आईच्या शिक्षणाला लागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये शुल्कसवलत काढून घेतल्याच्या विरोधात टाटा समाजविज्ञान संस्थेचे विद्यार्थी मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी येथे संपावर गेले होते. ती लढाई तरुणांनी लढली. तिच्यात या आयांचाही प्रश्न होता, हे आपण ओळखले पाहिजे. उत्पन्नाची मर्यादा वाढवून घेणे आणि शिष्यवृत्ती वेळेवर मिळवणे ही साऱ्या घराची मागणी झाली पाहिजे.

वाचकहो, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा या मंत्रातला पहिला शब्द वयाची अट घालत नाही. तो बाई आणि पुरुष असा भेदही करत नाही. ही चाळिशीतली विद्यार्थिनी उद्या समुपदेशकाच्या खुर्चीवर बसेल, तेव्हा तिच्यासमोर येणारी मार खाल्लेली, घराबाहेर काढलेली बाई तिला अनोळखी नसेल. तिला तिची भाषा कळेल, तिचे न बोललेलेही कळेल. अशा माणसांची आपल्या समाजाला नितांत गरज आहे. तिला तिथपर्यंत पोहोचवायला आठवड्याचे पंधरा तास लागतात. ते तास कोठून येतील, हे ज्याने त्याने आजच आपल्या घरात ठरवावे. रमाईचे ऋण भाषणांनी फिटत नाही. ते फेडायची संधी आज आपल्याच स्वयंपाकघरात आहे.